राबाचा फोटो

भिंतीएवढा माझा बा. उघडा, लंगोटीवर. हातात पेटता चूड, मागं आभाळाला भिडलेला जाळ. आणि सरांच्या हातातली लांब काठी बरोबर त्याच्या छातीवर टेकलेली.

"हीच ती माणसं. हीच आपलं जंगल जाळतात."

अंबरनाथचा हॉल होता. अंधार करून पडद्यावर स्लाइड दाखवत होते. खुर्च्यांवरच्या लोकांनी च्च् च्च् केलं. मी भिंतीशी फुलांचं तबक घेऊन उभी. दहावी पास झालेली, सरांच्या पर्यावरण संस्थेत पगारावर कामाला लागलेली. रोज पाचवारी नेसणारी मी. त्या दिवशी मात्र सरांनी बजावलं होतं, गुडघ्यावरचं लुगडं नेस, केसात रानफुलं माळ, पाहुण्यांना आवडतं.

पाहुणे म्हणजे ग्रँट देणारे. आमच्या डोंगरावर झाडं लावायची, जंगल राखायचं, त्याला निधी हवा होता. एक परदेशी बाई होती. तिच्या शेजारी अंबरनाथच्या केमिकल कारखान्याचा मालक. त्याच्या कारखान्याचं पाणी वालधुनीत सुटायचं, नदी आज लाल तर उद्या हिरवी. त्या नदीची स्लाइड नव्हती. माझ्या बापाची होती.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "तो माझा बा हाय! आन् ते जंगल नाय, राब हाय!"

सर अजिबात गडबडले नाहीत. हसले. "ऐकलंत? ही त्याचीच मुलगी. बाप जंगल जाळतो आणि मुलगी आज आपल्या बाजूनं उभी आहे. आपल्या कामाचं फळ म्हणतात ते हेच."

टाळ्या. अशा कडकडून टाळ्या की माझं पुढचं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही. परदेशी बाईनं उठून मला मिठी मारली. तिच्या अंगाला गोड वास होता. ग्रँट तिथंच मंजूर झाली.

राब ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. भाताचं रोप जिथं पेरायचं, ती जागा आधी भाजून घ्यावी लागते. शेण, पाला, झाडाचा तोडलेला टहाळ, वर माती. उन्हाळ्यात पेटवायचं. माती असते म्हणून जाळ होत नाही, आतल्या आत धुमसत राहतं. तण मरतं, रोप जोमानं येतं. बदलापूर, वांगणी, बारवीकडच्या सगळ्या वाड्या हेच करतात. झाड मारत नाही आम्ही, फांद्या छाटतो, परत फुटतात. राब नाही तर रोप नाही. रोप नाही तर वर्षभर खायचं काय, माती?

सर आमच्या वाडीवर आले होते ते ऐन राबाच्या दिवसांत. बा त्यांच्याहून वयानं मोठा. तरी, "अरे गोमा, धूर नको रे, ज्वाळा पाहिजेत." राबावरची माती त्यांनी बाजूला ओढायला लावली. जीपमधून रॉकेलचा डबा काढला. बा हसला. "असा कुणी राब भाजतंय व्हय, साहेब?" पण दारात आलेल्या पावण्याला नाही कसं म्हणायचं! आमच्यात म्हणत नाहीत. उलट बानं घरातली चार लाकडं आणून वर टाकली, साहेबाचा फोटो चांगला येऊ दे म्हणून. सर जमिनीवर पोट टेकून झोपले, कॅमेरा वर धरला. त्यातून राबाच्या मागं डोंगर दिसत होता. डोंगरच पेटलाय असं दिसत होतं. मुडदा बशिवला त्या कॅमेऱ्याचा.

ग्रँट आली. तो फोटो मोठा करून गावोगाव लावला. आणि त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगराला खरंच वणवा लागला. कुणी लावला देव जाणे. फॉरेस्टवाले सरळ आमच्या दारात आले. माणूस शोधायला लागलाच नाही, फोटोत होता ना!

बाला झाडाला बांधून मारलं. वाडीसमोर, आईसमोर. ओल्या फोकानं. तो ओरडत होता, "राब व्हता, साहेब, राब व्हता!" एका गार्डनं त्याचा उजवा हात दगडावर ठेवला आणि बूट घालून त्यावर उभा राहिला. "ह्याच हातानं लावलीस ना?" हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. मग फरफटत गाडीत टाकलं, नेलं.

मी धावत बदलापूर गावात सरांच्या घरी गेले. ते आमरस खात होते. मला अंगणातच उभं केलं. मी म्हटलं, "सर, तुम्ही नुसतं सांगा, तो राब होता. रॉकेल तुम्ही आणलेलं. एवढं सांगा, माझा बा सुटंल."

त्यांनी बोटं चाटली. "असं सांगितलं तर फोटो खोटा ठरेल. ग्रँट जाईल. एका माणसासाठी अख्ख्या डोंगराचं नुकसान करायचं का? तूच विचार कर. शिकलेली आहेस."

शिकलेली होते, म्हणून तर समजलं. डोंगरात आम्ही धरलेलेच नव्हतो.

बा सुटून आला. बोटं तशीच वाकडी जुळून आली, मूठ वळेना. संस्थेची नोकरी मी सरांच्या अंगणातून परतले त्याच दिवशी सोडली होती. सरांना त्याचं काही नव्हतं. डोंगराला तार ठोकली, टहाळ तोडायला बंदी आली, पाटीवर त्यांच्या संस्थेचं नाव आलं.

वर्षानं तेच पाहुणे, परदेशी बाई आणि कारखान्याचा शेट, वाडीवर आले. ग्रँट पुढं चालू ठेवायची होती, त्यासाठी आता दुसरा फोटो हवा. जाळणारा हात आता झाड लावतोय, असा. बा घाबरून गेला उभा राहायला. मी नको म्हणत होते. म्हणाला, "पुन्ना मारतील, पोरी."

सरांनी त्याच्या हातात रोपटं दिलं. ते पडलं. परत दिलं, परत पडलं.

"नीट धर रे गोमा! आणि हस जरा."

मग त्यांनी स्वतःच बाची ती मोडकी बोटं रोपट्याभोवती दाबून आवळली. बा कळवळला, "आय गं!" पाहुण्यांकडं बघून सर हसत होते. हसत हसत दाबत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते रोपटं मी हिसकलं आणि मुळांसकट, मातीसकट त्यांच्या थोबाडावर हाणलं. एकदा नाही. दांडा मोडेपर्यंत. नाकातून रक्त आलं, चष्मा फुटला, कॅमेरा खड्ड्यात गेला. परदेशी बाई किंचाळली. तिच्याकडं वळून मी ओरडले, "रॉकेल ह्यानं आणलं व्हतं! इचारा ह्याला! गळ्यात पडली व्हतीस ना माझ्या? मग आता ऐक!" सरांच्या ड्रायव्हरनं मागून येऊन जॅकचा लोखंडी दांडा माझ्या तोंडावर मारला. समोरचे दात गेले. रक्त थुंकून मी उठले. शेट तोवर गाडीत बसून काच वर करत होता.

मला आत टाकलं, जामिनावर सुटले. ग्रँट बंद झाली. बदलापुरातली चांगली चांगली माणसं म्हणाली, हिच्यापायी झाडं मेली. मरू देत मला नावं ठेवणारे. त्या उन्हाळ्यात तारेतली झाडं आमच्याच बाया हंड्यानं पाणी घालून जगवत होत्या.

पण बानं राब केला नाही. काडेपेटी बघितली की तो उठून आत जायचा. दिवस चालले होते, शेत तसंच पडलेलं. आई म्हणाली, औंदा राहू दे. मला रडू आलं, रागाचं. एवढा मार खाऊन शेवटी आम्ही आमचंच शेत भाजायला भ्यायचं?

कोयता घेऊन तार ओलांडली. भरदिवसा टहाळ तोडला. शेण, पाला, टहाळ, वर माती, जसा बा रचायचा तसा रचला. बाला बांधावर बसवला आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेटवला. धूर बघून गार्ड आला. तोच, बूटवाला. हातात फोक.

"कुणी पेटवला?"

बा उठायला लागला. मी त्याला खांदा धरून खाली बसवलं. कोयता हातातच होता.

"मी. लिहून घे. फोटो पायजे तर काढ, पण जवळ येऊन काढ, राब दिसंल असा. आन् पुढच्या वर्षी ये. त्याच्या पुढच्या वर्षी पण ये. दर साली मीच पेटवणार हाय. माझ्या बाला आता हात लावलास, तर तुझा हात ह्या दगडावर ठेवीन."