दोरीवाल्या सरांचा दुसरा प्रश्न

सई, अर्णव, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, शास्त्रज्ञानं शोधायचं, पुढचं लोक बघतील." याचं उत्तर माझं नाही, दोरीवाल्या सरांचं आहे. ते लिहूनच पाठवते.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ते आम्हाला शिकवत. खांद्यावर कायम सुताची दोरी, हातहात अंतरावर गाठी मारलेली, टोकाला दगड. दुष्काळाचं वर्ष होतं. दर शनिवारी ते आम्हाला शहराच्या कडेच्या उस्मानपुऱ्यातल्या विहिरी मोजायला पाठवत. परत आलो की पहिला प्रश्न, "नीट मोजलं?" आणि दुसरा, "आता सांगणार कुणाला?" दुसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिल्याचे गुणही मिळत नसत.

माझ्या वाट्याला आमच्याच घरामागची विहीर आली. तिच्यावर मेंढपाळांची वस्ती पाणी भरायची. शहर वाढत होतं, नवी घरं उठत होती. आमच्या नव्या घरासाठी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंगणात बोअर घेतला. मोटर सुरू झाली आणि विहीर आठवड्याला दोन गाठी उतरू लागली. मी वहीत एकच गाठ लिहिली.

सर वहीतला आकडा बघून उठले. माझ्याबरोबर विहिरीवर आले आणि स्वतः दोरी सोडली. पाणी शेंदणारी वस्तीतली कोंडाबाई हसली. "सर, पोरीला रागावू नका. दोरीला घर नाय, म्हणून ती खरं सांगती. हिला घर हाय."

"व्हय बाई. म्हणून तर घरी हिनंच सांगायचं."

त्या संध्याकाळी मी जेवताना सांगितलं. दादा वकील. "पुरावा?" एवढंच म्हणाले.

"तीन दिवस मोटर बंद ठेवा."

"आणि आम्ही काय करायचं?" आई म्हणाली.

"कोंडाबाई करते ते."

चौथ्या दिवशी दादांनी स्वतः विहिरीवर वाकून गाठी मोजल्या. पाणी वर आलं होतं. त्यानंतर मोटर सकाळी तासभरच चालायची, आणि कुंपणाबाहेर वस्तीसाठी नळ निघाला. माझं ऐकलं, असं मात्र दादा कधीच म्हणाले नाहीत.

वहीतला खोटा आकडा सरांनी मला खोडू दिला नाही. "शेजारी खरा लिही. आणि का चुकलीस तेही लिही, तेही निरीक्षणच."

निवृत्तीनंतर सर सोयगावला गेले, तिथंच वारले. वस्ती उठली, आपल्या घराच्या जागी अपार्टमेंट आलं. वही माझ्या कपाटात आहे, वरून दुसऱ्या कप्प्यात. कुंपणाबाहेरचा नळही आहे, आणि त्याला पाणी येतं.