बाहेरचा टीव्ही बंद झाला तेव्हा

मंचरच्या आमच्या घराचा वरचा मजला आम्ही एका सर्जनना भाड्याने दिला होता. त्यांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. डॉक्टर पन्नाशीचे. अपेंडिक्स, हर्निया असलं काही निघालं की आंबेगाव आणि जुन्नर दोन्ही तालुक्यांतून, अगदी आण्याच्या पठारावरूनही लोक त्यांच्याकडे येत. अशा माणसाला अजून काही शिकायचं बाकी असेल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बघायला मी वर गेलो. दार उघडंच होतं. डॉक्टर बनियनवर, कॉम्प्युटरसमोर उभे. टेबलावर द्राक्षाची पुठ्ठ्याची पेटी होती, नारायणगावच्या बाजूला माल भरायला वापरतात तसली. तिला तीन भोकं पाडलेली. दोन भोकांतून हातभर लांबीच्या दोन सळ्या आत गेल्या होत्या. त्यांना वर कात्रीसारख्या मुठी होत्या आणि खाली बारीक चिमटे. तिसऱ्या भोकातून वायर गेलेली. पेटीत एक छोटा कॅमेरा आणि दिवा बसवलेला होता आणि आतलं चित्र पडद्यावर दिसत होतं. चित्रात एकच द्राक्ष होतं. एका चिमट्याने ते धरून दुसऱ्या चिमट्याने डॉक्टर त्याची साल सोलत होते.

मला बघून ते "बसा" म्हणाले, पण नजर पडद्यावरून हलली नाही. कपाळावर घाम होता. दोन्ही खांदे कानांपर्यंत वर आलेले. बघता बघता द्राक्ष फुटलं आणि पडदा रसाने धूसर झाला.

शेजारी बशी होती. मला मोजायची सवय आहे. फुटलेली द्राक्षं अकरा होती. साल निघून गर शाबूत राहिलेलं एक.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"पित्ताशय काढतोय," ते म्हणाले आणि पुढचं द्राक्ष पेटीत ठेवलं.

मी व्हॉल्व्ह न बघताच बसून राहिलो. मग त्यांनी समजावून सांगितलं. पोट न फाडता, चार बारीक भोकं पाडून, दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ऑपरेशन आता पुण्यात सर्रास होतं. मंचरच्या लोकांनाही तेच हवं होतं. ते शिकायला डॉक्टर दर शनिवारी पुण्याला जात होते. वर्गात सगळेच सर्जन, बहुतेकांचे केस पांढरे. सगळे टीव्हीसमोर ओळीने उभे राहून एका वाटीतले वाटाणे चिमट्याने उचलून दुसऱ्या वाटीत टाकत. शिकवणारे सर त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ते मागून फिरत आणि सारखं सांगत, हाताकडे बघू नका, पडद्याकडे बघा.

"अवघड काय आहे त्यात?" मी म्हणालो.

त्यांनी मुठी माझ्या हातात दिल्या. मी हात उजवीकडे नेला, तर पडद्यावरचा चिमटा डावीकडे गेला. खाली दाबला, तर वर उठला. द्राक्ष जिथे वाटत होतं तिथे नव्हतंच, त्याच्याही मागे होतं. एका डोळ्यावर पट्टी बांधून, आरशात बघत सुईत दोरा ओवावा, तसं होतं ते. थोड्या वेळाने माझ्या मानेला रग लागली.

"पंचवीस वर्षं हाताने चाचपून कापलं," डॉक्टर म्हणाले. "आता हाताला काही लागतच नाही. सगळं डोळ्याने."

खाली आलो तेव्हा मी हादरलेलो होतो. तेव्हा मी दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायचं काम करायचो. आमच्याकडे आकडे दाखवणारं नवं मशीन आलं तेव्हा मलाही प्रशिक्षण दिलं होतं. पहिला आठवडाभर माझे आकडे चुकले, गवळ्यांनी मला चार शब्द ऐकवले, विषय संपला. चुकलेलं दूध पुन्हा मोजता येतं. डॉक्टरही आपल्यासारखेच चुकत चुकत शिकतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

त्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी माझ्या बायकोच्या पोटात दुखायला लागलं. उजव्या बरगडीखालून कळ निघायची ती पाठीपर्यंत. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. निरगुडसरहून तिचा थोरला भाऊ आला आणि त्याने एका बैठकीत सगळं ठरवलं.

"दाजी, डॉक्टर तुमच्या घरात ऱ्हातोय. दुर्बिणीचं मशीन आलंय म्हणत्यात. लांब जायचं कशाला? चार भोकं अन् चौथ्या दिवशी घरी."

माझ्या डोळ्यांपुढे बशी होती. तो गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, अकरा आणि एक या आकड्यांसकट. ती मटकी निवडत होती. तिचा हात थांबला.

"माझ्या पोटात द्राक्षं सोलनार व्हय ते?"

"तेव्हा शिकत होते. आता बरीच ऑपरेशनं केलीत म्हणे. पहिल्या काहींना पुण्याचे सर शेजारी उभे होते."

"मी बघून येते," ती म्हणाली.

मला वाटलं रागाने बोलते आहे. पण रविवारी दुपारी ती खरंच वर गेली. मी मागोमाग गेलो. पेटी टेबलावर तशीच होती, नुसती कडांनी मऊ पडली होती. डॉक्टर जरा ओशाळले, पण तिला खुर्ची देऊन त्यांनी सराव चालू ठेवला. तिने एकदा मुठी हातात घेऊन पाहिल्या, द्राक्ष कोपऱ्यात घालवलं, "हे आपलं काम न्हाई" म्हणाली आणि मग हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसली. बशीत त्या दिवशी सोललेली द्राक्षं जास्त होती. तरी फुटलेली पाच होतीच. खाली येताना जिन्यातच मी तिला म्हणालो की आपण पुण्याला जाऊ.

"न्हाई," ती म्हणाली. "हाच डॉक्टर."

"पाच फुटली ना."

"फुटली. पन दोन डाव साल अडली तवा त्यानं चिमटा सोडला अन् मागं आला. वढली न्हाई. मला वढनारा डॉक्टर नको."

मी डॉक्टरांकडे जाऊन स्पष्ट विचारलं की अडलं तर काय करणार. ते तितक्याच स्पष्टपणे म्हणाले, "कॅमेरा बाहेर काढीन आणि जुन्या पद्धतीने पोट उघडीन. सरांनी पहिल्या दिवशीच सांगितलंय, दिसेनासं झालं की शूर व्हायचं नाही." मी सही केली. हे बोलणं मी मेव्हण्याच्या कानावर घातलं नाही. तो आधीच गावभर चार भोकांचं सांगून आला होता.

आता बाहेरच्या टीव्हीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे ऑपरेशन झालं की डॉक्टरांनी काढलेली वस्तू ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. ट्रे दिसल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. पण दुर्बिणीचं ऑपरेशन सुरू झाल्यावर लोक म्हणायला लागले, एवढ्याशा भोकातून काय निघणार, दुसऱ्याचंच दाखवत असतील. म्हणून डॉक्टरांनी आतल्या कॅमेऱ्याची एक वायर बाहेर काढली आणि नातेवाइकांच्या बाकड्यासमोर भिंतीवर टीव्ही बसवला. आत जे दिसतं तेच बाहेर दिसायचं. लोक खूश झाले. टीव्हीवर ऑपरेशन बघायला लांबचे पावणेही यायला लागले.

बायकोला सकाळी आत नेलं. बाकड्यावर मी, मेव्हणा आणि त्याच्या जीपमधून आलेले तिघंचौघं. टीव्ही लागला. स्वतःच्या बायकोच्या पोटाची आतली बाजू बघण्याची तयारी कुणाच्याच मनाची नसते. मी तिच्याबरोबर वीस वर्षं संसार केला होता आणि हे पिवळं-गुलाबी, ओलं, हलणारं काहीतरी तीच आहे, हे मनाला पटेना.

"चरबी लई हाय," एक पावणा म्हणाला.

"गप ऱ्हा की राव," मेव्हणा म्हणाला.

चिमटा आला. धरू लागला. मी पेटी पाहिली होती, म्हणून मला कळत होतं की साल सुटत नाहीये. चिमटा धरायचा, सोडायचा, मागे यायचा. पुन्हा दुसरीकडून जायचा. मग एका ठिकाणी रक्त आलं. टीव्हीवर थेंबभर रक्त घमेलंभर दिसतं. पडदा लाल झाला.

तेवढ्यात दार उघडून सिस्टरने मला आत बोलावलं. आत दोन दारांमध्ये एक चिंचोळी जागा होती. डॉक्टर तोंडावर मास्क लावून तिथे आले. हात वर धरलेले.

"सूज फार आहे. सगळं एकमेकांना चिकटलंय," ते म्हणाले. "मला नीट दिसत नाहीये. उघडतो."

"रक्त?"

"थांबलंय. पण आता ओढत बसणार नाही."

मी मान हलवली. त्यांनी तोंडाने हो म्हणायला लावलं, मग आत गेले. सिस्टरने मला तिथल्याच स्टुलावर बसवलं. रक्ताची बाटली लागली तर तुम्हालाच पळावं लागेल, जागचे हलू नका म्हणाली. मी हललो नाही. आतून भांड्यांचे आवाज येत होते. भुलीच्या डॉक्टरांचा खोकला ऐकू येत होता. बाहेर टीव्ही बंद झाला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांच्याही नाही.

बऱ्याच वेळाने सिस्टर आली. तिचा चेहरा मोकळा होता. "पित्ताशय निघालं. टाके होत आलेत. जा, बाहेर सांगा."

मी बाहेरचं दार उघडलं आणि रडण्याचा मोठा आवाज अंगावर आला.

दवाखान्याच्या अंगणात दोन जीप उभ्या होत्या. निरगुडसरची वीसेक माणसं. पुरुषांनी डोक्याला टॉवेल बांधलेले. माझ्या बायकोची चुलती जमिनीवर बसून, "माझी बाय गं, मला सोडून गेली गं," म्हणत कपाळावर हात मारत होती. तिच्या काखेत कोरी हिरवी साडी होती. नवरा मागे ठेवून बाई गेली की तिची शेवटची हिरवी साडी माहेराहून येते. ती साडी बघून मी दारातच थांबलो. मी आतून आलो होतो. दोन दारांपलीकडे बायको जिवंत आहे, हे मला तिथे सगळ्यांत जास्त माहीत होतं. पण वीस माणसं एकदम रडत असतील, तर एकट्याचं माहीत असणं टिकत नाही. मला वाटलं, मी दार उघडेपर्यंत आत काहीतरी झालं आणि यांना माझ्याआधी कळलं.

मेव्हण्याने मला मिठी मारली. मला बोलताच येईना. माझं ते गप्प राहणं बघून बायका आणखी मोठ्याने रडल्या.

तेवढ्यात माझ्यामागून डॉक्टर ट्रे घेऊन आले. ट्रेमध्ये पित्ताशय आणि खडे. समोरची गर्दी बघून तेही थबकले.

"काय झालं? कोण गेलं?"

चुलतीने पदर बाजूला करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमीच इचारताय व्हय?"

"अहो, पेशंट शुद्धीवर येतोय," डॉक्टर म्हणाले. "हे त्यांचं पित्ताशय."

रडणं थांबलं. कुणी कुणाकडे बघेना. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "मंग टीव्ही का बंद केला?"

मग उलगडा झाला. पडदा लाल झाला, मला आत घेतलं, पाठोपाठ पडदा काळा झाला आणि मी परत आलो नाही. मेव्हणा समोरच्या एसटीडी बूथवर गेला आणि गावातल्या किराणा दुकानात फोन केला.

"ती गेली असं मी म्हनलोच न्हाई," तो डॉक्टरांना सांगत होता. "मी एवढंच म्हनलो, टीव्ही बंद झाला अन् दाजींना आत नेलं."

"अन् रडत व्हता की तू फोनवर," जीपचा ड्रायव्हर म्हणाला. "मी दुकानातच व्हतो. दुकानदारानं फोन ठेवला अन् शटर वढलं."

सरणासाठी मंचरला न्यायला गावात लाकडं काढायला लागले होते. मेव्हणा पुन्हा बूथवर पळाला. जिवंत आहे म्हणून सांगितल्यावर दुकानदाराने दोनदा विचारलं म्हणे, नक्की का.

बायकोला तिसऱ्या दिवशी सांगितलं. पोटावर वीतभर टाके होते, हसायची सोय नव्हती. तिने छताकडे बघतच कोण कोण आलं होतं ते विचारलं, आणि मी एकेकाचं सांगत गेलो तशी ती मान हलवत गेली. धाकटी भावजय आली नव्हती, हे तिने बरोबर पकडलं.

त्याच संध्याकाळी डॉक्टर घरी आले, पण वर गेले नाहीत. आमच्या ओट्यावर बसले. पुण्यात सरांनी कॅमेरा कसा धरायचा, दिवा किती ठेवायचा, कधी माघार घ्यायची, सगळं शिकवलं, म्हणाले. पडद्याच्या दुसऱ्या टोकाला माणसं बसलेली असणार, हे मात्र तिथे कुणी शिकवलेलं नव्हतं. पुढच्या ऑपरेशनपासून ते भूल द्यायच्या आधी स्वतः बाकड्यापाशी येऊन उभे राहायला लागले. "टीव्ही बंद झाला तर मी पोट उघडतोय. कुणी फोन करायचा नाही. बाहेर सिस्टर येईल, तिला विचारायचं." हे ते सगळ्यांकडून म्हणून घेत. पेटी आणि द्राक्षं मात्र आणखी दोन वर्षं तरी चालूच होती. हंगाम नसला की टोमॅटो.

साडीचं काय करायचं, यावर घरात वाद झाला. चुलती म्हणाली नदीत सोडा. मेव्हणा म्हणाला दान करा. माझंही मत तेच होतं. ती साडी कपाटात दिसली की मी कपाटाचं दार लावून घ्यायचो.

टाके काढायच्या दिवशी सकाळी बायको आतल्या खोलीतून बाहेर आली ती तीच साडी नेसून. मी चहाचा कप खाली ठेवला.

"नवीकोरी हाय," ती म्हणाली. "अन् माझ्याच नावानं आनलीय. दुसऱ्या कुनी का नेसावी?"

दवाखान्यात डॉक्टर टाक्यांवर वाकले. सहज बोलल्यासारखं त्यांनी विचारलं, "नवीन साडी का?"

"माहेरची हाय," ती म्हणाली.

डॉक्टरांच्या हातातला चिमटा टाक्यावर टेकलेला होता. अंगणातल्या चुलतीच्या काखेत काय होतं, ते त्यांनीही त्या दिवशी पाहिलं असणार. त्यांनी चिमटा उचलून मागे घेतला, क्षणभर तसेच थांबले आणि मग पुन्हा वाकून पहिला टाका काढला.