मोठ्यानं वाच

रुचिताच्या नाकावर राग असतो, हे बोईसरच्या त्या रसायन कारखान्यात फाटकावरच्या रखवालदारालाही ठाऊक होतं. वडील जळगावकडून नोकरीसाठी इथं आले, ती इथंच वाढली आणि आता रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनं तापवून ढवळायच्या मोठ्या बंद टाक्या, चालवणारे प्रोग्राम लिहायची.

तिचा एक हट्ट होता. नवा प्रोग्राम सुरू करण्याआधी रिअ‍ॅक्टरपाशी उभं राहून तो मोठ्यानं वाचायचा, आणि ऐकायला रिअ‍ॅक्टरवरचा कामगार विनोद हवा. विनोद मनोरकडच्या पाड्यावरचा. काही बिनसलं तर पहिली वाफ त्याच्याच तोंडावर येणार. प्रोग्राममधली नावंही त्याच्याच तोंडची होती. उशिरा तापणारा जुना रिअ‍ॅक्टर म्हणजे ‘म्हातारी’.

एकदा तिनं ‘ढवळणं थांबव’ वाचलं आणि मग ‘थंड पाणी सोड’. विनोदनं तिथंच अडवलं. “ताई, तापलेली हाय तवा ढवळायचं थांबवलं तर उसळंल ना! आदी पानी सोडा.” तिनं जीभ चावली आणि ओळ बदलली.

मग पुण्याहून दिग्विजय हा नवा प्रोग्रामर आला. त्यानं तिची चार पानं अर्ध्या पानात बसवली. प्रत्येक नावाच्या जागी स्वतःच बनवलेलं चिन्ह: कुठे दोन बाण, कुठे तीन ठिपके. मॅनेजरसाहेब खूश.

“बेरजेला आपण ‘बेरीज’ लिहितो का? अधिकचं चिन्हच काढतो ना?” दिग्विजय म्हणाला.

“ते चिन्ह अख्खं जग वाचतं रे! तुझं हे तुझ्याशिवाय कोण वाचणार?”

कोणी ऐकलं नाही. चाचणीच्या दिवशी ती सगळ्यांना म्हातारीपाशी घेऊन गेली, सुरू करायचं बटण हातानं झाकून उभी राहिली आणि म्हणाली, “वाच. मोठ्यानं.”

दिग्विजयनं लॅपटॉप उघडला. “बाण, बाण... मग तीन ठिपके... मग उलटा बाण...”

विनोदनं विचारलं, “म्हंजे पानी कवा सुटंल, सायेब?”

दिग्विजयनं मजकूर वर सरकवला, खाली सरकवला. दोन महिन्यांपूर्वीचं त्याचंच लिखाण. “ढवळणं थांबल्यावर... नाही, बहुतेक आधी.”

“बहुतेक?” रुचिता कडाडली. “माणूस उभा आहे इथं, आणि तू बहुतेक म्हणतोस?”

मॅनेजरसाहेब संतापले. “हात काढ. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

“नाही येणार! पण तुमचा भरवसा आहे ना याच्यावर? मग विनोददादा वर कंट्रोल रूममध्ये बसून तिथलं बटण दाबतील, आणि हा इथं उभा राहील. ये रे, ये पुढं.”

दिग्विजयनं म्हातारीच्या झाकणाकडे पाहिलं आणि नकळत दोन पावलं मागं सरकला.

ते सगळ्यांनी पाहिलं. साहेबांनीही. विनोद मात्र झाकणाशीच उभा होता, कारण त्याची पाळी संपायला अजून बराच वेळ होता.