उद्घाटनाआधीचे पाणी

पाणी माणसाला दुसरा जन्म देते. ज्याने एकदा स्वतःचा भार पाण्यावर सोपवला, त्याला जमिनीवरचा कुठलाच भार जड वाटत नाही.

ही दोन्ही वाक्ये माझी आहेत. मात्र ती लिहिली तेव्हा मी पलंगावर पालथा पडलो होतो, कमरेवर गरम पाण्याची पिशवी होती, आणि तलावात शेवटचा उतरलो त्याला दीड महिना होऊन गेला होता. शिवाय ती मी बोलायची नव्हतीच.

दुसऱ्यांनी बोलायचे लिहून देणे हा माझा धंदा. नाशिकमध्ये कुणाची पंचाहत्तरी असो, कुठल्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव असो, गौरवग्रंथ लागतो, मानपत्र लागते, भाषण लागते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी तीन गौरवग्रंथ एकदम घेतले. तिन्ही सत्कारमूर्ती साधे, निगर्वी आणि प्रसिद्धीपासून दूर राहणारे होते. तिघांनीही मुखपृष्ठावरचा फोटो चार-चार वेळा बदलून घेतला. मी सकाळी खुर्चीत बसायचो तो जेवायला आणि झोपायला तेवढा उठायचो.

तिसऱ्या ग्रंथाची प्रस्तावना चालू असताना पेनचे टोपण खाली पडले. ते उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. थोड्या वेळाने बायको खोलीत आली.

"काय शोधताय?"

"टोपण."

"हातात तर आहे."

"हो."

"मग?"

"मग काही नाही. उठता येत नाहीये."

मणक्यातली चकती सरकली होती आणि नस दाबली जात होती. डाव्या पायाला मुंग्या यायच्या, पाऊल नीट उचलत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "पोहायला येतं ना?"

"नाही."

"गोदाकाठचे असून?"

गोदाकाठचे म्हणूनच, हे त्यांना कुठून सांगणार. आमचे घराणे यात्रेकरूंचे विधी करणारे. देशभरच्या लोकांना आमच्या वाडवडिलांनी बुड्या मारायला लावल्या, त्या स्वतः पायरीवर उभे राहून. घोट्याच्या वर पाणी आमच्यात कुणी येऊ दिल्याचे मला आठवत नाही.

"शिका," डॉक्टर म्हणाले. "आणि खंड पडू देऊ नका. हा पाय सुधारला नाही तर ऑपरेशनचं बघावं लागेल."

ऑपरेशनची मला भीती होती, ती अजून आहे. पण त्याहून जास्त लाज मोज्यांची वाटत होती. पन्नाशी ओलांडलेला माणूस पलंगाच्या कडेला बसून पाय पुढे करतो आणि बायको त्यात मोजा चढवते. असे प्रसंग गौरवग्रंथात घेता येत नाहीत.

आमच्या भागात एका क्रीडा मंडळाचा तलाव आहे. सोमवार सोडून रोज सकाळी मी तिथे जाऊ लागलो. शिकवणाऱ्या सरांनी मला दोन दिवस पाहिले आणि उथळ बाजूला एका दादांच्या हवाली केले. हे दादा मूळचे निफाडकडचे. विहिरीत पोहायला शिकलेले, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. माझ्या पाठीखाली तळहात धरून ते म्हणायचे, "साहेब, लय ताठ राहता तुम्ही. मान टाका मागं. मी धरलंय."

"धरलंय ना नक्की?"

"धरलंय. अन् तोंड मिटा. भाषण वर आल्यावर."

हात त्यांनी कधी काढला ते मला कळले नाही. कळले तेव्हा मी बुडालो. नाकातोंडात क्लोरीन गेले. मला उभे करून दादा म्हणाले, "कळलं नव्हतं तोवर तरंगत होता की."

पहिले दोन महिने फक्त हेच चालले. चौथ्या महिन्यात मी पाठीवर पडून, अतिशय कुरूप पद्धतीने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ लागलो. वर आभाळ, कानात पाणी, कुणाचेही बोलणे ऐकू येत नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून अधिक काय हवे. पायाच्या मुंग्या कमी झाल्या. एके सकाळी मी माझे मोजे स्वतः घातले. बायको दारातून पाहत होती. त्या दिवशी चहात आले जास्त होते.

मग फरशा बदलण्यासाठी तलाव बंद झाला. फाटकावर पाटी लागली: काही दिवस. तीन आठवड्यांत काम संपले. पाणी भरले गेले, गाळण्याचे यंत्र सुरू झाले. पिशवीत टॉवेल घेऊन मी आणि दादा फाटकाशी गेलो. जाळीतून निळेशार पाणी दिसत होते. त्यात कुणी नव्हते.

"उघडा की," दादा म्हणाले.

"उद्घाटन व्हायचंय," रखवालदार म्हणाला.

आणखी तीन आठवडे झाले तरी ते व्हायचेच होते. कंबर पुन्हा धरू लागली. दुसरा तलाव शहराच्या पार त्या टोकाला. एकदा रिक्षाने तिथे गेलो, तर उतरताना दोघांनी धरावे लागले. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांना भेटलो.

"आधी तलाव सुरू करा," मी म्हणालो. "उद्घाटन सावकाश करा."

"असं कसं, सर? लोक आधीच पोहून गेले तर पाहुण्यांनी उद्घाटन कशाचं करायचं?" मग त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं आलात. भाषण तुम्हीच लिहा. ते आलं की तारीख लावतो."

पाहुणे ठरलेले होते. फरशांसाठी देणगी दिलेले दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार. मी घरी आलो, पालथा पडलो आणि लिहिले. इतक्या वर्षांत इतरांच्या तोंडी मी जे घातले, त्यातला एक शब्दही मला खरा वाटला नव्हता. हे भाषण मात्र मी मनापासून लिहिले. पाणी हवे होते.

अध्यक्षांनी ते वाचले. चष्मा काढून पुसला. "सर, हे वेगळंच आहे."

"मग या रविवारी उरकून टाकू."

"या रविवारी? अहो, हे त्यांच्या तोंडी वाया जाईल. ते चार वाक्यं बोलतात आणि द्राक्षांवर येतात. या भाषणाला माणूस तेवढ्या तोडीचा हवा."

तेवढ्या तोडीचा माणूस मुंबईत होता. त्याची तारीख महिन्यानंतरची मिळाली. दादांना हे सांगितले तेव्हा ते जाळीला धरून पाण्याकडे बघत होते.

"साहेब, जरा वाईट लिहायचं ना."

डॉक्टरांनी विचारले, "खंड पडला?"

"पडला."

"का?"

"उद्घाटन व्हायचंय."

मी चेष्टा करत नाही याची खात्री होईपर्यंत ते माझ्याकडे पाहत राहिले. मग टाचेवर चालायला सांगितले. डावे पाऊल वर राहिना. "पुढच्या महिन्यात मंगळवारी या," ते म्हणाले. "तेव्हाही असंच असेल तर ऑपरेशनची तारीख घेऊ." मोजे पुन्हा बायकोकडे गेले.

उद्घाटन त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी झाले. तलावाच्या काठावर मांडव, त्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी पँटच्या आत पोहण्याची चड्डी घालून गेलो होतो. तीही बायकोनेच चढवली होती. पाहुणे दोन तास उशिरा आले. शाल झाली, श्रीफळ झाले, फीत कापली गेली. मग त्यांनी कागद उघडला आणि पाण्याकडे पाठ करून वाचले, "पाणी माणसाला दुसरा जन्म देते." टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेत बागायतदार डोळे पुसत होते.

"भारी बोलतो हा माणूस," दादा माझ्या कानाशी म्हणाले.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. मी खुर्चीची पाठ धरून उठलो, दादांनी दंड धरला, आणि आम्ही कपडे बदलायच्या खोलीकडे निघालो. रखवालदार तिला कुलूप लावत होता.

"आज फक्त उद्घाटन," तो म्हणाला.

"मग उद्या किती वाजता?" दादांनी विचारले.

"उद्या सोमवार. सोमवारी तलाव बंद असतो."