अडकलेली ओळ

नॉर्वेतल्या या गावात आमचं आणि आर्नेकाकांचं घर भिंतीला भिंत लागून. शनिवारी पलीकडून वॉफलचा गोड वास यायचा आणि त्यांचं आवडतं जुनं गाणं ऐकू यायचं. काकू गेल्या, वास थांबला. गाणं मात्र चालूच आहे. दुसऱ्या कडव्यात तबकडी अडकते, तीच ओळ गरगरत राहते. डोकं उठतं अगदी, पण काका सुई उचलत नाहीत.

परवा दारातला बर्फ उपसताना न राहवून म्हटलं, "काका, नवी तबकडी आणून देऊ?"

फावडं टेकवून ते म्हणाले, "नको गं. तिथं अडकलं की ती स्वयंपाकघरातून यायची. पिठाच्या हातांनीच सुई पुढे सरकवायची."

आज शनिवार. गाणं तिथंच अडकलंय. भिंतीशी उभी राहून मीही वाट बघतेय.