पोर्ट सैदची भवानी

आमच्या घरात देव बरेच होते, पण धाक एकाच गोष्टीचा: भवानीचा. म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीचा. आई मुरुडच्या बाजारात मासळी विकायची. पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे आधी कपाळाला, मग पाटीला. "भवानीला घासाघीस करनारा नरकात जातो," असं ती सांगायची, आणि मी बैलोबा ते खरं धरून मोठा झालो.

पुढे मी बोटीवर खलाशी म्हणून लागलो. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आमची बोट परदेशी निघाली होती. "माजा दादा फारेनचं रेशीम आननार," हे तिनं होणाऱ्या सासरी आधीच सांगून टाकलं. आता मी हात हलवत परत आलो असतो, तर तिला जन्मभर टोमणे ऐकावे लागले असते.

परतताना पोर्ट सैदला कालव्यात शिरायची वाट बघत बोट नांगरली होती. सकाळीच फेरीवाले होड्या घेऊन खाली जमले. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मला बघून ओरडला, "भवानी! शेठ, भवानी!" आमच्याच कुणा खलाशानं शिकवलं असणार, त्याचं तळपट होवो. मी विरघळलो. दोरीला बांधलेल्या टोपलीतून कापडाचा गठ्ठा वर आला. वर हिरवंगार रेशीम. उलगडून बघणार कसा? भवानीच्या वेळी मालाला खोट काढायची नसते. त्यानं मागितले तेवढे पैसे टोपलीत टाकले, वर आईनं बांधून दिलेले सुके बोंबील फुकट. म्हाताऱ्यानं पैसे कपाळाला लावले. बोंबील हुंगून मात्र त्याचं तोंड वाकडं झालं.

दुपारी तोच म्हातारा बोटीच्या दुसऱ्या बाजूला ओरडत होता, "भवानी! भवानी!" मग सकाळी मी केलं ते काय होतं, श्राद्ध? तरी गठ्ठा उलगडायचा धीर मला झाला नाही.

घरी बहिणीनंच तो उलगडला. वरची एक घडी रेशमाची, आत सगळं गोणपाट. ती मागच्या दारी जाऊन रडली. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. मी आईला भवानीची सगळी हकिगत सांगितली, तर ही बाई पोट धरून हसायला लागली.

"आरं येड्या, मी सुदा दिस मावळंपरत भवानीच वरडते! पन माजं म्हावरं ताजं आसतं."

आणि इतकी वर्षं मी हिच्या नरकाला भीत होतो!

आईनं डोळे पुसले, गठ्ठा होता तसा बांधला आणि लग्नात आहेरात सगळ्यांत वर ठेवला. हिरवा रंग बघून बायका जमल्या. विहीणबाईंनी घडी उलगडायला हात घातला. बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी मांडवाबाहेर सटकायची वाट शोधत होतो.

"विहीनबाय, घडी मोडू नका," आई म्हणाली. "पोरीच्या हातची भवानी होऊ दे."

विहीणबाई खाडीपलीकडे दिघीला मासळी विकायच्या. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि कपाळाला लावला. "न्हाय गं बाय, भवानी कशी मोडू?"

जगात माझ्यासारखं आणखी एक माणूस आहे हे बघून माझा जीव इतका निवला, की मी तिथल्या तिथं त्यांच्या पाया पडलो. लोक म्हणाले, पोराला काय वळण आहे!