आखाजीच्या शिव्या आणि वाळूचा ट्रॅक्टर

या, अशा जवळ बसा. उंबऱ्यावरून काय ऐकता? नळ सोडता, बादल्या भरता, पण पाणी येतं कुठून म्हणून एकदा तरी विचारता का? नाहीच विचारत. बरं, आता ऐका.

आमचं गाव गिरणेच्या काठी, जळगावपासून फार लांब नाही. पिण्याची विहीर नदीच्या पात्रातच. वाळू आहे तोवर विहिरीला पाणी, एवढा साधा हिशेब. पण ट्रॅक्टर दिवसाढवळ्या वाळू न्यायला लागले आणि आमचा दोर दर उन्हाळ्यात लांबायला लागला. आम्ही बायांनी कचेरीत अर्ज केले. साहेब म्हणायचे, "बघतो." ते बघेपर्यंत खड्डे विहिरीच्या कडेला आले.

तेवढ्यात आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आणि गौराई बोळवायला नदीवर गेलं की पलीकडच्या काठावरच्या बायांशी शिव्यांचा सामना होतो. अगदी ठेवणीतल्या शिव्या! त्या दिवशीची शिवी कुणाला लागत नाही, ऐकणाऱ्यानं हसायचं असतं. माझी जाऊ म्हणाली, "यंदा त्या बायांना कशाला? ट्रॅक्टरवाल्यालाच देऊ." आम्हाला वाटलं, बोलूनही होईल आणि कुणाला रागही यायचा नाही.

दुपारी ट्रॅक्टर पात्रात उतरला. जाऊ ओरडली, "तुना ट्रॅक्टरनं चाक निखळी पडो! तुनी मिशी गाढवले चिकटो!" आम्ही टाळ्या पिटल्या.

पण ड्रायव्हर बाहेरच्या मुलखातला. त्याला आखाजी काय ठाऊक? हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन तो खाली उतरला. "कोण बोललं?"

जाऊ हसतहसतच म्हणाली, "आखाजीनी शिवी शे भाऊ, मनवर लेवानी नही!"

ते हसणंच त्याला झोंबलं. तो परत चढला आणि ट्रॅक्टर सरळ आमच्या अंगावर घातला. धुळ्याहून आलेली माझी लेक विहिरीला टेकून उभी होती, पोटुशी. मागं विहीर, पुढं ते चाक. हातभर अंतरावर चाक थांबलं. तो म्हणाला, "रोज थोड्याच बसणार आहात इथं!" आणि रिकामा ट्रॅक्टर घेऊन गेला.

लोक म्हणतात, बाया काय धीराच्या, हलल्या नाहीत. अहो, पाय उचलतच नव्हते!

दुसऱ्या दिवशी आम्ही कुदळी घेतल्या आणि ट्रॅक्टरच्या वाटेवर आडवा चर खणला. तो बुजवायला कुणी येऊ नये म्हणून चराजवळच्या बाभळीखाली पाळीनं बसतो, सुपात डाळ निवडत. विहिरीचं पाणी टिकून आहे, खोटं कशाला सांगू. पण भीती गेली नाही. लांबून इंजिनाचा आवाज आला की सूप खाली ठेवून वाटेकडं बघत राहतो. लेक फोनवर रडते, "आई, तू नको ना जाऊ." मी हो म्हणते आणि चपला घालते.

कापूस वेचायच्या दिवसांत बाया मजुरीला जातात. मग बाभळीखाली मी आणि जाऊ, आम्ही दोघीच म्हाताऱ्या उरतो, आणि तेव्हा फार भ्या वाटतं हो. माणसं दिसली की ट्रॅक्टर तिकडूनच वळतो, म्हणून म्हणते, या. काम काही नको, नुसतं येऊन बसा. भाकरी मी आणीन. पण फार दिवस लावू नका, लवकर या.